ऐनाला टांगलेले फोन

कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत बौद्धवाडी आहे. तिथे घरात फोन वाजत नाही. फोन वाजायला खिंडीत चढावं लागतं. खिंडीत एक जुना ऐन आहे, त्याच्या खालच्या फांदीला सगळी वाडी आपापले फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगते आणि शेतात उतरते. ज्याचा फोन वाजेल त्याला, वर जो कोणी असेल त्याने हाक द्यायची. हा रिवाज कुणी ठरवला नाही, पडून गेला.

वर बहुतेक कुशाबाच असायचा. माथ्यावरच्या वाडीतला म्हातारा, म्हशी राखायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपली पिशवी वेगळ्या रंगाची ठेवलेली. संजीवनीची पिवळी.

संजीवनी सखाची थोरली मुलगी. महाडला बी.एस्सी. झाली आणि नव्या मुंबईला एका औषधाच्या कंपनीत माल तपासायच्या कामाला लागली. करोनाच्या पहिल्या बंदीत कंपनीने निम्मी माणसं कमी केली, त्यात ती गेली. गावी आली तेव्हा आधी शाळेत चौदा दिवस बसवली. आई, बायजा, भाकरी आणून फाटकाशी ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. त्या दिवसांतही संजीवनी हिंमत धरून होती. म्हणायची, महिनाभराचा प्रश्न आहे.

महिन्यामागून महिने गेले. लावणी झाली, भात पोटरीला यायची वेळ आली. रोज सकाळी ती आंघोळ करून, केस विंचरून खिंडीत जायची, दगडावर बसून अर्ज पाठवायची. बहुतेक ठिकाणांहून काहीच यायचं नाही. कुठून आलंच तर ‘कळवू’ एवढंच. आधी ती उतरताना गाणं गुणगुणायची, मग नुसतीच उतरायची. पुढेपुढे जेवताना ताटात बघत बसायची आणि बायजाने दोनदा विचारलं की एकदा मान हलवायची.

श्रावण सरता सरता महाडजवळच्या एका कारखान्याने फोनवर मुलाखत घ्यायची ठरवली. त्या दिवशी तिने पेटीतला इस्त्रीचा ड्रेस काढला. सखा ओटीवर विळ्याला धार लावत होता.

"फोनातना दिसतं काय गो त्यांना?" तो म्हणाला.

"त्यांना नाही, बाबा. मला दिसतं."

मुलाखत बरी झाली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, माणूस जवळपासचाच हवा, बोलावलं की दुसऱ्या दिवशी हजर होणारा. गुरुवारी फोन करतो.

गुरुवारी नेमकी शेजारच्या राजश्रीच्या शेतात बेणणी निघाली. बेणणी म्हणजे भातातलं गवत काढायचं, आणि आमच्याकडे ते पैऱ्यावर चालतं. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. सखाच्या शेतात राजश्री दोन दिवस वाकली होती. बायजाची कंबर धरलेली, म्हणजे फेडायला संजीवनीच उरली. पैरा चुकवला तर पुढच्या साली बांधावर कुणी उभं राहत नाही.

ती पहाटे खिंडीत जाऊन पिशवी टांगून आली. कुशाबा म्हशी घेऊन चढतच होता.

"आबा, आज माझा फोन वाजला तर लगेच हाक मारा हं."

"कुनाचा यायचाय?"

ती अडखळली. सांगितलं तर दुपारपर्यंत दोन्ही वाड्यांत होईल, आणि नाही आला तर परत बायांची तीच थट्टा.

"कुणाचाही आला तरी," ती म्हणाली आणि उतरली.

शेतात बाया तिची वाटच बघत होत्या.

"काय गो संजे," राजश्री म्हणाली, "किती स्थळं झाली? एकाही कंपनीच्या मनात भरत नाय काय तू?"

"हुंडा मागत असतील," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. संजीवनीही हसली आणि मान खाली घालून गवत उपटत राहिली. कान मात्र वर, खिंडीकडे. पाऊस थांबून थांबून येत होता. हाक काही आली नाही.

दिवस कलता ती चिखलाच्या पायांनीच वर गेली. कुशाबा ऐनाखाली घोंगडी पांघरून बसलेला. तिला बघून त्याचा चेहरा खुलला.

"आलीस? तुजा फोन आल्ता. पन तू भिऊ नको, मी परतवला."

"परतवला म्हणजे?"

"त्यांचाच होता, गाडीवाल्यांचा. बाई बोलत व्हती. संजीवनी हायत का, मुंबईवरना कदी आल्या, ताप खोकला नाय ना, घरात कोन आजारी हाय का. मी बोललो, अशी कोन इथं नाय. ती मुंबईलाच हाय, गावाला आलीच नाय. परत इचारलान, तरी तेच सांगितलं." तो हसला. "एकदा चुकलो, दुसऱ्यांदा नाय चुकनार."

कुशाबाचं एकदा काय चुकलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. वैशाखात त्याचा पुतण्या रितेश मुंबईहून आला. असाच एक फोन आला, बाईने तब्येत विचारली, आणि कुशाबाने भोळेपणी सांगितलं, हाय ना, रातभर खोकतोय. संध्याकाळी दवाखान्याची गाडी आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. रितेश बरा होऊन परत आला, पण वाडीच्या वाटेवर बांबू आडवे पडले. खाली कुणी दूध घेईना. कुशाबाने कासंड्याच्या कासंड्या दूध ओढ्यात ओतलं. तेव्हापासून दोन्ही वाड्यांनी ठरवलं, अनोळखी फोन आला की सांगायचं, इथं कोण नाय.

संजीवनीने त्याच नंबरवर फोन लावला. बाईंनी ओळखलं. आवाज वाईट नव्हता.

"अहो, तुमच्या घरच्यांनीच सांगितलं, तुम्ही मुंबईत आहात म्हणून. मुलाखतीत तुम्ही गावात असल्याचं सांगितलं होतंत."

"मी गावातच आहे, मॅडम. उद्या येते. आत्ता निघते हवं तर."

"आता दुसऱ्यांना कळवलं. तब्येतीचे चार प्रश्न विचारायचे होते, बाकी सगळं झालंच होतं. पुढे जागा निघाली तर कळवू."

कुशाबाला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"गाडीवाले नव्हते काय गो?"

तिने फोन पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली आणि उतरली.

घरी कळलं तेव्हा सखा उठलाच. "त्या म्हाताऱ्याला आता मी..."

"त्यांना काय बोलता, बाबा?" ती म्हणाली. "मी कुठे सांगितलं होतं त्यांना, फोन कुणाचा ते?"

त्यानंतर ती खिंडीत गेली नाही. फोनची बॅटरी संपली, तिने लावली नाही. सकाळची आंघोळ दुपारवर गेली. बायजा चुलीपुढून बघायची आणि पुन्हा लाकूड सारायची.

आणि एका सकाळी कुशाबा खाली वाडीत आला. तो माथ्यावरचा माणूस, इतक्या वर्षांत बौद्धवाडीच्या ओटीवर कधी टेकला नव्हता. दारात आला, काठी भिंतीला लावली आणि ओटीच्या कडेला बसला. बायजाने चहा दिला. तो त्याने प्यायला.

"सगळ्यांचे फोन हायत," तो म्हणाला. "पिवळी नाय. गमत नाय."

संजीवनी उंबऱ्यात उभी राहिली.

"काय सांगायचं त्यांना, ते शिकव मला," कुशाबा म्हणाला. "तसंच सांगेन. एक अक्षर हालनार नाय."

ती येऊन त्याच्याजवळ ओटीवर बसली. मग म्हणाली, "सांगायचं, हो, आहेत. जरा थांबा, बोलावतो."

"हो, हायत. जरा थांबा, बोलावतो."

"आहेत."

"आहेत," कुशाबा म्हणाला. ऐनाकडची वाट चढताना तो तेच घोकत होता, म्हशींनी कान टवकारले होते.

दुसऱ्या दिवशी पिवळी पिशवी फांदीला लागली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी खिंडीतून हाक आली.

"संजे गो! ये, ये, कंपनीचा हाय!"

ती खाचरात होती. होती तशी पळाली. चढावर दोनदा घसरली, गुडघा फुटला. वर पोचली तेव्हा कुशाबा दोन्ही हातांत फोन धरून ताठ उभा होता, जणू कुणी मोठं माणूस समोर आहे.

"लय चांगली बाई हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी बोललो थांबा, तर थांबलीय. बोलतेच हाय मघापास्नं."

संजीवनीने फोन कानाला लावला. ती बाई बोलत होती, खरंच थांबत नव्हती. रिचार्जच्या नव्या योजनेसाठी एक दाबा. जुनीच सुरू ठेवायची असेल तर दोन दाबा. परत ऐकण्यासाठी तीन.

"काय बोलते?" कुशाबाने विचारलं.

ती दम खात ऐकत राहिली. गुडघ्यातून रक्त चिखलात मिसळून पोटरीवर उतरत होतं.

"कळवू म्हणाली, आबा," ती म्हणाली, आणि फोन पुसून पिवळ्या पिशवीत घातला, पिशवी फांदीला अडकवली.

"मी नीट बोललो ना पन?"

"नीट बोललात."

खाली बाया बांधावर खोळंबल्या होत्या. ती उतरायला लागली.