जाळ्यातलं जेवण

माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, पोटात काय सापडतं, हे बघण्यात तिची सहा वर्षं गेली होती. खाल्लेलं सगळं विरघळलं तरी गिळलेल्या माकुलांच्या टणक चोची उरतात. त्या चिमट्याने वेचता वेचता प्रयोगशाळेत तिचं नाव चोचबाई पडलं ते पडलंच. तिचे मार्गदर्शक सर वारले त्याला महिना झाला होता. ती रडली नव्हती. वेळेवर यायची, हातमोजे चढवायची, पोटं उघडायची.

सरांचा शेवटचा अहवाल शुक्रवारी जायचा होता. त्याचं सार एका ओळीचं: समुद्र तापला, मोठ्या जातीचा माकूल इकडे आला आणि तो छोट्या जातीला खाऊन संपवतोय. उरलेली वीस पोटं तपासून तिने सही करायची, बस्स.

अकराव्या पोटात छोट्याचा तुकडा निघाला, कातडीवरचे ठिपके जसेच्या तसे. तिने नेहमीसारखं तक्त्यात ‘ताजा’ लिहिलं आणि हात थांबला. माकूल खाल्लेलं काही तासांत पचवतो. मग ताजा कसा? जाळं ओढताना दोघे एकत्र कोंबले गेले आणि मोठ्याने समोर आलं ते गिळलं, एवढीच गोष्ट. तिने जुने तक्ते काढले. पानोपानी ताजा, ताजा, तिच्याच टपोऱ्या अक्षरात. नमुना छान टिकलाय म्हणून ती वर खूशही व्हायची. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. जाळ्याऐवजी गळाने पकडलेल्या चाळीस माकुलांच्या नोंदी तेवढ्या खऱ्या निघाल्या: मोठ्याच्या पोटात खोलातले मासे, छोट्याच्या पोटात वरवरची कोळंबी. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं.

सही केली तर सरांचं नाव राहणार होतं, नाही केली तर त्यांच्या कामावर पाणी फिरणार होतं. वाईट वाटायला हवं होतं, काहीच वाटेना. दुपारी ती सरांच्या घरी गेली आणि वहिनींना सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“त्यांना ठाऊक होतं गं. दोन वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. म्हणाले, पोरीची चार वर्षं गेलीत त्यात, पदवी मिळू दे, मग सांगतो आणि अहवालही दुरुस्त करतो. तुला पदवी मिळाली आणि यांनी अंथरूण धरलं.”

“मला विचारायचं तरी,” ती म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला काहीतरी वाटलं, आणि तो सरांवरचा राग होता.

संध्याकाळी तिने अहवालातली ती ओळ खोडली आणि खरं काय ते लिहिलं. मग शेवटी एक वाक्य घातलं: नोंदीतली चूक आम्हा दोघांची आहे. त्याखाली आधी सरांचं नाव लिहिलं, मग स्वतःचं.