नुसत्या पाण्याच्या शिट्ट्या

मी शिट्टी बोलतेय. चौकात उभ्या राहणाऱ्या टवाळ पोरांच्या तोंडातली नव्हे, गैरसमज नको. मी घरंदाज आहे. गारखेड्यात आवडाबाईंच्या कुकरच्या डोक्यावर माझं बूड टेकलेलं असतं. आजवर माझ्याविषयी घरात एकच प्रश्न विचारला गेला, "किती झाल्या गं?" मला काय म्हणायचंय, हे कुणी विचारलं नाही. म्हणून आज मी सलग बोलणार आहे. कुणी गॅस बंद केला तरी थांबणार नाही.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात, एका खोक्यात, शेकडो बहिणींच्या गर्दीत झाला. तिथून गुलमंडीजवळच्या भांड्यांच्या दुकानात आले आणि फडताळावर धूळ खात बसले. आवडाबाईंचे यजमान रामकिसन तेव्हा वाळूजच्या कंपनीत होते. एका दिवाळीत त्यांनी मला कुकरसकट पिशवीत घातलं आणि मोठ्या ऐटीत घरी आणलं.

आवडाबाई तोवर चुलीवर रांधत आलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी कुकर लावला आणि तोंडात पदराचा बोळा धरून थेट दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी पहिली शिट्टी दिली तेव्हा त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. "अहो, ह्ये भांडं वरडायलंय!" म्हणून त्यांनीच इतकी आरडाओरड केली की माझा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. सासूबाईंनी तर जाहीर केलं की कोंडलेल्या वाफेचा भात पोटात वायू धरतो. पुढं त्याच सासूबाई रोज सांजच्याला म्हणू लागल्या, "लाव गं सूनबाई, त्यो वरडणारा."

घरात सात माणसं. सासू, सासरे, दीर, रामकिसन, दोन लेकरं आणि स्वतः आवडाबाई. त्यांनी डाळ मापायला कधी वाटी घेतली नाही. डब्यात हात घालायचा, मूठ भरायची, कुकरात सोडायची आणि वर थोडी "आल्यागेल्याला" टाकायची. कधी कमी पडली नाही की उरली नाही. हाताला डोळे असावेत असं ते काम. मी वर बसून कौतुकानं फुसफुसायची.

मग घर हळूहळू रिकामं होत गेलं. सासू-सासरे गेले. दिरानं वेगळं घर केलं. लेक जालन्याला नांदायला गेली. एका उन्हाळ्यात रामकिसनही गेले. त्या दिवसांत घरात कुकर लागलाच नाही. शेजारून डबे यायचे. मला फार वाईट वाटलं, पण माझं वाईट वाटणं कोण ऐकणार? गॅस पेटल्याशिवाय मला आवाज नाही.

राहता राहिला लेक बन्सी. तोही वाळूजच्याच कंपनीत लागला. रोजची शिफ्टची बस, तिची पहाटेची धावपळ, याला कंटाळून यंदा त्यानं बायको-लेकरासह तिकडंच खोली घेतली. "आई, तू बी चल," म्हणाला. आवडाबाई म्हणाल्या, "मी नाय येनार. माझा ओटा हाय इथं."

बन्सी आईचाच मुलगा, तोही हट्टी. त्यानं अट घातली. "ठीक हाय, ऱ्हा. पर तू नीट रांधून खायना असं मला ज्या दिवशी कळंल, त्या दिवशी गादीसकट उचलून न्हेईन." एवढ्यावर न थांबता त्यानं शेजारच्या द्वारकाबाईंना आणि वरच्या मजल्यावरच्या कस्तुराबाईंना आपला नंबर देऊन ठेवला. "मावशी, लक्ष ठिवा," असं सांगून गेला.

आता हा ओटा म्हणजे काय, ते सांगते. दिवस कलला की या तिघी तिथं बसतात. कुणाच्या मांडीवर मेथी, कुणाच्या हातात लसूण. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले, इथपासून बोलणं सुरू होतं आणि "आज काय केलं?" यावर येतं. हाच प्रश्न घरातला पुरुषही विचारतो, पण त्याला फक्त उत्तर हवं असतं. ओट्यावर उत्तरानंतर खरी सुरुवात होते.

"दोडका केलाय माय," द्वारकाबाई एकदा म्हणाल्या. "आमच्या घरी दोडका म्हनलं की समद्यांना उपास आठवतेत."

"शिरांची चटणी कर की, शेंगदाणे घालून."

"ती केलीच. चटणी चाटून खातेत अन् भाजी मला ठिवतेत."

कस्तुराबाई धनगराच्या घरच्या. बालपण मेंढरांमागं माळावर गेलेलं, त्यामुळं त्या साधं बोलल्या तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. त्यांचा कुकरवर विश्वास नाही. "आमची माय तीन दगडं मांडायची अन् कालवण करायची. शिट्टी मेंढरांसाठी असती बाई. भाताला कशाला शिट्टी? भात काय पळून जायलाय?"

हे ऐकून मी तापले होते, पण तेव्हा गॅस बारीक होता.

बन्सी गेला त्या सांजेला आवडाबाईंनी एकटीपुरती डाळ टाकायला डब्यात हात घातला. मूठ भरली ती सातांचीच. ती आमटी त्या तीन दिवस खात होत्या. शेवटी शेवटी पातेल्याकडं पाहून त्यांनी हात जोडले. मग अर्धीच मूठ घ्यायचं ठरवलं. हात डब्यात गेला, मूठ अर्धी उघडली, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मग ती अर्धी मूठही डब्यात परत टाकली. त्या रात्री चहा आणि टोस्ट. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे आणि गूळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा टोस्ट.

"तुमचा कुकर काऊन गप हाय वं?" द्वारकाबाईंनी ओट्यावर विचारलं.

आवडाबाईंचा चेहरा पडला. त्यांना समोर वाळूज दिसलं असणार. "लावायलेच की!" म्हणत त्या आत आल्या, कुकरात तांब्याभर पाणी ओतलं, झाकण लावलं, मला बसवलं आणि गॅस मोठा केला.

मी वाट पाहत होते. आत्ता डाळ येईल, तांदूळ येतील, निदान दोन बटाटे तरी! काही नाही. नुसतं पाणी. आणि वाफ आली की माझा काही इलाज नसतो. मी खणखणीत ओरडले. बाहेर द्वारकाबाई म्हणाल्या, "लागला बघ." मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! सात माणसांच्या डाळीवर ओरडलेली मी, आता कोऱ्या पाण्यावर ओरडत होते.

मग हे रोजचंच झालं. पाणी वाया जायचं नाही, ते खरं. आमच्या गावात पाणी वाया घालवणाऱ्या बाईला ओट्यावर कुणी बसू देणार नाही. निवलं की आवडाबाई ते तुळशीला घालायच्या. तुळस फोफावली. पण तिकडं ओट्यावर रोज नवं पक्वान्न शिजायचं. आज भाजल्या डाळी-मसाल्यांच्या येसराची आमटी, उद्या शेवग्याच्या शेंगा, परवा बाजरीची खिचडी वर तुपाची धार. सांगताना त्या फोडणीतला लसूणसुद्धा वगळत नसत. मला वाटतं, त्या सांगण्यानंच त्यांचं थोडंफार पोट भरत असावं.

"वाटीभर आमटी द्या की," द्वारकाबाईंनी एकदा मागितली.

"संपली."

"एकटीनं?"

"भूक लई लागती आजकाल."

"येवढं खाऊन बी वाळायलात कशा?"

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय," आवडाबाई म्हणाल्या. ओट्यापासून फाटकापर्यंत एक फेरी मारूनही दाखवली.

पण नुसतं पाणी उकळायचं म्हणजे काय होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडचं टँकरचं पाणी जड. रोज रोज त्या पाण्याचा पांढरा क्षार माझ्या नळीत साठत गेला. इतक्या वर्षांच्या डाळींनी जे केलं नाही, ते कोऱ्या पाण्यानं केलं. एका सांजेला माझा गळा साफ बसला.

खाली वाफ कोंडली. मी जिवाच्या आकांतानं ओरडायला बघतेय, आवाज नाही. ओट्यावर आवडाबाई रंगात येऊन सांगत होत्या, "आज तुरीची डाळ टाकलीय, येसर लावून घट्ट आमटी करनार." तेवढ्यात माझ्या शेजारच्या सेफ्टी व्हॉल्व्हनं जीव दिला. धडाम!

कस्तुराबाईंनी आधी फोन लावला. "बन्सीऽऽ! कुकर उडाला रं!" त्यांचा आवाज ऐकता फोनची गरज नव्हती. मग तिघी आत धावल्या.

कुकर उडाला की बायका आधी माणूस शाबूत आहे का बघतात, मग गॅस बंद करतात, आणि मग मान वर करून छत बघतात. किती डाळ गेली, ते छतावर कळतं. द्वारकाबाईंनी गॅस बंद केला आणि मान वर केली. कस्तुराबाईंनीही केली.

छतावर काहीच नव्हतं. एक जाळं होतं, तेही कोरडं.

कस्तुराबाईंनी झाकण काढून कुकरात डोकावून पाहिलं. तळाशी पाणी होतं. "डाळ कुठं गेली वं?"

"विरघळली," आवडाबाई म्हणाल्या. मग त्यांच्याच्यानं पुढं रेटवेना. त्या खाली फरशीवर बसल्या. "बन्सीला सांगू नका माय. त्यो मला न्हेईल."

द्वारकाबाईंची नजर गॅसशेजारच्या टोस्टच्या पुड्यावर गेली. त्या एकदम भडकल्या. "वाटीभर आमटी मागितली तर संपली म्हनलं तुम्ही मला! मला वाटलं, बाई चिकट झाली. चार दिवस मनात धरून व्हते मी!"

"मी तर फोन केला की त्याला," कस्तुराबाई पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या.

अर्ध्या तासात फाटकाशी मोटारसायकल थांबली. द्वारकाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, मोरीतलं ओलं फडकं उचललं, स्टूल ओढलं आणि त्यावर चढून छत घासायला लागल्या.

बन्सी कंपनीच्या कपड्यांत, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्यानं आधी आईला चाचपलं, मग गॅस बघितला. मग मान वर केली.

"बघ रं बाबा तुझ्या आईची आमटी!" द्वारकाबाई वरून म्हणाल्या. "पुसून पुसून मान मोडली माझी."

"अन् तिखट किती!" कस्तुराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "माझ्या डोळ्यात उडालं की." त्यांचे डोळे खरोखरच भरले होते, पण ते तिखटानं नव्हे.

बन्सीनं छताकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या काजळीत एक पांढराशुभ्र तुकडा निघाला होता. त्याला पटलं. "किती डाळ टाकतीस आई? एकटीच तर हायस."

आवडाबाई म्हणाल्या, "हाताला कमी टाकायची सवय नाय रं."

बन्सीसमोर त्या सांजेला तेवढं एकच खरं बोललं गेलं. मग द्वारकाबाईंनी घरून भाकरी आणि दोडक्याची भाजी आणली. बन्सीनं ती तीनदा वाढून घेतली, तेव्हा त्यांना धन्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी बन्सी नवा व्हॉल्व्ह बसवून गेला. दुरुस्तीवाल्यानं माझी नळी तारेनं टोकरली. "शिट्टी बदला, जुनी झाली," म्हणाला तो मेला. आवडाबाईंनी ऐकलं नाही. त्याच दुपारी द्वारकाबाईंची वाटी आली, शिरांच्या चटणीची. सांजच्याला वरून कस्तुराबाईंची आली, हुलग्याच्या पातळ, गरम माडग्याची. वाट्या ठेवल्या आणि गेल्या.

आणि आपल्याकडं वाटी रिकामी परत द्यायची पद्धत नाही.

आवडाबाई त्या दोन वाट्यांकडं बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी डाळीचा डबा उघडला आणि हात घातला. सातांची मूठ भरली, वर आल्यागेल्याला थोडी टाकली. कितीतरी दिवसांनी माझ्याखाली डाळ शिजली. मी अशी शिट्टी दिली की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं! एक वाटी शेजारी गेली, एक वर गेली. तिकडं लेकरांनी भांडून खाल्ली म्हणून आणखी मागणं आलं. कुकरात राहिली ती बरोबर एकटीपुरती.

तेव्हापासून त्या दोघी त्यांना दम खाऊ देत नाहीत. एक वाटी परत गेली की दुसरी हजर. "ह्या बाया मला मारतेत बघा रांधून रांधून," असं आवडाबाई माझ्याकडं बघून कुरकुरतात, आणि त्यांचे गाल पुन्हा भरलेत.

गेल्या आठवड्यात ओट्यावर बोलणं लांबलं, डाळ जरा जास्त झाली होती, आणि मला आवरलं नाही. मी डाळीचा फवारा सोडला तो थेट छतावर. द्वारकाबाई सवयीनं स्टूल घेऊन आल्या.

"खबरदार हात लावला तर!" आवडाबाई म्हणाल्या. "रैवारी बन्सी येनार हाय."

रविवारी बन्सी आला. जेवायला बसला, मान वर केली. हळदीचा हा मोठा डाग, मधोमध. "द्वारका मावशी," तो म्हणाला, "तुम्ही नीट पुसलं नाय त्या दिवशी. येवढं ऱ्हायलंच की."

द्वारकाबाईंनी घाईनं त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. कस्तुराबाई जिन्याकडं पळाल्या. आवडाबाईंनी पहिल्या दिवसासारखा तोंडात पदराचा बोळा धरला आणि फाटकापर्यंत जाऊन हसल्या.

तो डाग अजून आहे, आणि त्याच्याखाली मी आहे. आता जास्त वेळ नाही, खाली वाफ धरायला लागलीय. जाता जाता एक विनंती. शेजारून शिट्टी ऐकू आली म्हणून तिथं जेवण शिजतंय असं धरून चालू नका. मी स्वतः शिट्टी आहे, म्हणून सांगते. एकदा वाटी घेऊन जाऊन बघा. आणि वाटी भरून न्या, म्हणजे ती परत द्यायला त्या माणसाला चूल पेटवावी लागेल.