बारा अभिप्राय

सोमवारी सकाळी सवयीप्रमाणे मोबाइलवर माझं पुस्तक बघायला गेले, तर पुस्तक जागेवर नव्हतं. नाव टाकलं, पुन्हा टाकलं. 'आपण शोधत असलेली वस्तू उपलब्ध नाही.' वस्तू! एकतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, सहा वर्षं खपून त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या अवाढव्य ऑनलाइन दुकानाच्या लेखी ती एक वस्तू. तीही नसलेली.

आता कुणी म्हणेल, एका दुकानातून गेलं तर दुसरीकडे मिळेल. कुठे मिळेल? गावातली पुस्तकांची दुकानं एकेक करून बंद पडली, तेव्हाच माझ्या प्रकाशकाने छापून गठ्ठे ठेवणं सोडलं. "सिस्टर, आता सगळं तिथेच विकलं जातं," तो म्हणाला होता. "मागणी आली की तेच एक प्रत छापतात आणि पाठवतात." म्हणजे त्यांनी काढलं की पुस्तक संपलं. घरातल्या दोन प्रती सोडल्या, तर ते कधी लिहिलंच नव्हतं असं म्हणायला हरकत नाही.

प्रकाशकाला फोन लावला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"तुमच्यावर खोट्या अभिप्रायांचा आरोप आहे. काल दुपारी तुमच्या घरच्या इंटरनेटवरून तासाभरात बारा अभिप्राय गेलेत. सगळ्यांचे पाच-पाच तारे."

काल दुपारी अख्खं खानदान माझ्याकडे जेवायला होतं. आणि आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कॉम्प्युटरमधलं आपल्यालाच सगळं कळतं अशा थाटात वावरणारा, जेवता जेवता ओरडला होता, "तीन महिन्यांत फक्त एकोणीस अभिप्राय? आपण सगळे मेलोय का? काढा फोन!" काका, मावशी, वहिनी, भाचरं, सगळ्यांनी उष्ट्या हातांनी फोन काढले. मी "अरे, नको रे" म्हणत होते, पण मनातून सुखावले होते. ते कबूल करायला हवं.

दादाला झापायला फोन केला, तर तो उलट माझ्यावरच चिडला. "घरच्यांनी कौतुक करायचं नाही, हा कुठला नियम?"

"त्यांचा."

"मग जाऊन भेटू ना त्यांना. ऑफिस कुठंय?"

हीच तर गंमत होती. खिडकी नाही, टेबल नाही, भांडायला एक जिवंत माणूस नाही. डॉक्टरांपासून मंत्र्याच्या मेहुण्यापर्यंत मी वॉर्डात भल्याभल्यांना गप्प केलंय. इथे कुणाला करणार? आमच्या बारांबरोबर ते एकोणीस अनोळखी वाचकही पुसले गेले होते. त्यातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की हे वाचून त्या नर्सिंगला परत गेल्या. ते वाक्य मी रोज उघडून वाचायचे. तेही गेलं.

दुपारी कंपनीकडून एक फॉर्म आला. बाराही अभिप्राय एकाखाली एक, आणि प्रत्येकाखाली तोच प्रश्न : 'या व्यक्तीशी आपले नाते आहे का? हो / नाही.' पाच वाजेपर्यंत मुदत.

"सगळीकडे 'नाही' करा," प्रकाशक म्हणाला. "वाचक मंडळ जमलं होतं म्हणून सांगू. परत मिळायची थोडी आशा आहे. पण एक जरी 'हो' झालं, तर कायमचं बंद."

खोटं बोलायचं जिवावर आलं होतं, पण पुस्तक गमावणं त्याहून जिवावरचं होतं. बसले. दादा : 'पॅकिंग उत्तम. वेळेवर मिळाले.' नाही. काका : 'लेखिका लहानपणापासूनच हुशार.' काका, काय म्हणू तुम्हाला! नाही. वहिनी : 'अजून वाचले नाही, पण कव्हरचा रंग छान.' हिच्याशी नातं नाही म्हणताना तर मला बरंच वाटलं. असे अकरा 'नाही' झाले.

बारावा आईचा. काल सगळ्यांचे हात धुऊन झाले तरी ती कोपऱ्यात एका बोटाने फोन टोचत बसली होती. मला वाटलं, दादाने सांगितलेलंच काहीतरी लिहीत असेल.

'मी हे पुस्तक दोनदा वाचले. खाट क्रमांक नऊचे प्रकरण चार वेळा. ते गृहस्थ दोन तास "ती जेवली का" असे विचारत होते, असे लिहिले आहे. त्यांची पत्नी बाहेर बाकावरच बसली होती. तिला आत का बोलावले नाही, हे लेखिकेला विचारायचे आहे. पुस्तक खरे आहे. सर्वांनी वाचावे.'

आणि खाली पाच तारे.

मी दोन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

ते गृहस्थ म्हणजे माझे वडील. पुस्तकात मी त्यांना शाळामास्तर केलं होतं, खाट बदलली होती, आजार बदलला होता. त्या दुपारी वॉर्डाची जबाबदारी माझ्यावर होती. मी दार लावून घेतलं, आणि नंतर बाहेर येऊन आईला सांगितलं, झोपेतच गेले, काही कळलंसुद्धा नाही. याला अकरा वर्षं झाली. ती हे पुस्तक वाचेल असं मला कधी वाटलंच नाही. आणि तीन महिने ती रोज माझ्यासमोर बसून जेवत होती, मीठ पुढे करत होती, एक शब्द बोलली नव्हती.

प्रकाशकाचा फोन आला. "झालं का, सिस्टर? पाचला दहा कमी आहेत."

'या व्यक्तीशी आपले नाते आहे का?'

मी 'हो' दाबलं. उत्तर यायला क्षणसुद्धा लागला नाही. खातं कायमचं बंद, पुस्तक कायमचं बाद, नवं खातं उघडता येणार नाही.

आई तिच्या खोलीत उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती.

"आलं का गं तुझं पुस्तक परत?"

"नाही." मी तिच्या पलंगावर टेकले. "आई, तुला आत घेतलं असतं तर मला रडू आवरलं नसतं. तीस पेशंट होते माझ्यावर."

तिने सुई अभ्र्यात खोचून ठेवली.

"मग रडायचं होतंस," ती म्हणाली. "मी होते ना."