राजेश्वरीचं पोट

लाडवाचा डबा दिसला की राजेश्वरीच्या मस्तकाची शीर उठायची. डिंक, खोबरं, खारीक, आणि तूप तर असं की लाडू हातात धरला तर कोपरापर्यंत ओघळ यावा. सकाळी चहाबरोबर एक, दुपारी जेवणावर एक. "खा गं, अंगाला लागंल," सासू मनुबाई म्हणायच्या. अंगाला लागतच होतं ना! तिथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

धाकटी मुलगी झाल्यापासून तिचं पोट काही आत गेलं नव्हतं. हातपाय किडकिडीत आणि मधे हे एवढं पोट. मोबाइलवर बघून तिनं पोटाच्या उठाबशा काढल्या, रात्रीचं जेवण सोडलं, चक्कर येऊन गोठ्यात मटकन खाली बसली, तरी पोट जागचं हललं नाही. उलट कंबर अशी धरली की वैरणीची पेंढी उचलेना. शेवटी ती सांगलीला पल्लवी मॅडमकडं गेली. या मॅडम गोळ्या-औषधं न देता व्यायामानं उपचार करायच्या. त्यांनी तिला उताणं झोपवलं, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. बोटं सरळ आत गेली. दोन बाळंतपणांत पोटाचे दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून फाकले होते आणि मधल्या फटीतून पोट पुढं येत होतं.

"उठाबशा आजपासून बंद. त्यानं फट वाढते," मॅडम म्हणाल्या. "चरबी खाण्यानं उतरेल, पण उपाशी राहून नाही, नीट खाऊन. आणि फट व्यायामानं कमी होईल. हयगय केलीत आणि उद्या हर्निया झाला, तर मात्र ऑपरेशन."

दोन्ही मुली सिझेरियनच्या. आता तिसऱ्यांदा पोट फाडून घ्यायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

घरी येऊन ती कामाला लागली. परड्यात सतरंजी टाकायची, उताणं पडून गुडघे दुमडायचे, श्वास सोडत बेंबी आत ओढायची आणि एकेक टाच सावकाश सरकवत पाय लांब करायचा. बघणाऱ्याला वाटावं बाई लोळतीय, पण तिला घाम फुटायचा. चहातला गूळ सोडला. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, उकडलेलं अंडं, ताक. धरलेली कंबर सुटायला लागली, पेंढी उचलता यायला लागली. आणि नेमकी तेव्हाच सासू हात धुऊन तिच्या मागं लागली.

"वझं उचलू नगंस. जिमिनीवर लोळू नगंस." अंड्याच्या जागी ताटात तुपाचा शिरा यायला लागला. नको म्हटलं की मनुबाईंचं तोंड दिवसभर फुगलेलं. एक दिवस तर सतरंजीच माळ्यावर गेली. राजेश्वरीला वाटलं, कंबर दुखते म्हणून म्हातारी जपते आहे. तिनं मनातल्या मनात चरफडत दोन घास गिळले आणि सतरंजी परत खाली काढली.

खरं काय ते कुंपणापलीकडच्या भामाबाईंकडून कळलं. "आगं, लोळतीस काय अशी? परवा चोरचोळी हाय न्हवं तुजी!"

"कुणाची?"

"आता गं बया! तुजीच की. आमा बायकांना सांगावा आलाय."

चोरचोळी म्हणजे गर्भार बाईची पहिली ओटी. तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, जवळच्या चार बायका बोलावून चोळी द्यायची. राजेश्वरी सतरंजीवर उठून बसली. तिच्या कानातून नुसत्या वाफा निघत होत्या. म्हणजे हे लाडू, हा शिरा, हे जपणं! तिच्या चरबीला गावानं बाळ ठरवलं होतं. तिचा फौजेतला नवरा जयराज दिवाळीला सुट्टीवर येऊन गेला होता, त्यावरून बायकांनी बोटांवर महिनेही मोजले होते.

"पण आत्तींना सांगितलं कुणी?"

"जयराजनंच की. मनुबाईनं फोनवर इचारलं, सूनबाईचं पोट दिसतंय, काय हाय का? त्यो म्हनला, असंल की आई, जप तिला."

हे ऐकून ती जी पेटली ती पेटलीच. पोट सुनेचं आणि चौकशी लेकाकडं! बरं, लेकाला ठाऊक नव्हतं असंही नाही. धाकटीच्या सिझेरियनच्या वेळीच तिनं मूल बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं, दोघांनी ठरवून. "आईला मी सांगतो," असं तो दवाखान्यातच म्हणाला होता. त्या वेळी मनुबाई थोरलीला घेऊन घरी होत्या आणि राजेश्वरीची आई रहिमतपूरहून येऊन तिच्यापाशी थांबली होती. चार वर्षं झाली. ह्या बाबाचं सांगणं अजून चाललंच होतं.

तिनं तडक फोन लावला. "आवं, तुमी आत्तींना काय सांगितलंय?"

"अगं, आई खुशीनं रडाय लागली," जयराज म्हणाला. "मी काय करू? सुट्टीवर आलो की सांगतो. तंवर गप ऱ्हा की. चार लाडू खाल्लंस तर काय बिगडतंय?"

"काय बिगडतंय? माजं पोट बिगडतंय! परवाच्या आत तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते."

"राजे, तू ऐक तरी..."

तिनं फोन कट केला. बंदूक घेऊन सीमेवर उभा राहणारा गडी, आणि आईपुढं याची बोबडी वळते! त्या दोन दिवसांत तिनं भांडी अशी आदळली की मनुबाई म्हणाल्या, "डोहाळंच कडक लागलं बाई हिला."

जयराजनं सांगितलं नाही ते नाहीच. तिसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. सोप्यात पाट मांडला. मनुबाईंनी सांगलीहून आणलेली हिरवीगार चोळी काढली, नारळ, तांदूळ काढले, आणि पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "ये बाळा, बस."

त्या ओल्या डोळ्यांकडं बघून राजेश्वरीला गलबलून आलं, आणि मग दुप्पट राग आला. हे रडणंसुद्धा माझ्याच गळ्यात घातलं त्यानं!

"मी बसनार न्हाई, आत्ती. माज्या पोटात काय न्हाई."

"आगं, असं वंगाळ बोलू नगं..."

"धाकटीच्या वेळंलाच आपरेशन झालंय माजं. तुमच्या लेकाची सही हाय. आईला मी सांगतो म्हनलं हुतं, आन चार वर्सं सांगितलं न्हाई."

भामाबाईंच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट तसंच अधांतरी राहिलं. मनुबाई आधी पांढऱ्याफटक पडल्या आणि मग उसळल्या. "खोटं बोलतीस! माज्या लेकाचं नाव घेतीस व्हय गं? मग हे काय हाय? हे एवढं काय हाय?" आणि त्यांनी भरल्या सोप्यात तिच्या पोटाकडं बोट केलं.

राजेश्वरीचा सगळा संकोच जळून गेला. ती पाटाशेजारी सतरंजीवर उताणी पडली, पदर बाजूला केला, साडी जरा खाली सरकवली. सगळ्या बायकांसमोर. "या. बसा हितं," ती म्हणाली. "हात द्या."

तिनं सासूचा हात ओढून बेंबीच्या वर ठेवला आणि डोकं उचललं. मनुबाईंची बोटं आत गेली. खाली टाक्यांचे व्रण होते, एकावर एक. मनुबाईंनी हात झटक्यात काढून घेतला.

"लेकरू न्हाई त्ये. फट हाय," राजेश्वरी म्हणाली. रडायला ती तयार नव्हती. "दोन नाती दिल्या तुमाला, तवा फाटलंय हे. ते मिटवाय मी रोज मरती, आन तुमी मला लाडू चारताय. हे मिटलं न्हाई तर परत फाडतील मला."

बायका एकेक करून चपला घालून निघाल्या. मनुबाई मांडी घालून तशाच बसल्या होत्या, स्वतःच्या बोटांकडं बघत. राजेश्वरीनं साडी सारखी केली, पण तिथून उठली नाही. आता घराबाहेर काढलं तरी ती हूं की चूं करणार नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. जयराजच होता. तिनं हात लावला नाही. मनुबाईंनी तो उचलला, कानाशी धरला.

"आई?" त्याचा आवाज सोप्यात स्पष्ट ऐकू आला. "राजी कुठंय? काय बोलली का ती?"

"सही तू केलीस?"

तो म्हणाला, "आई, तुला वाईट वाटंल म्हनून गं. सांगायचं धाडसच झालं न्हाई मला."

"धाडस?" मनुबाई ओरडल्या, अशा की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. "पोट दोनदा हिचं फाडलं, आन भ्यालास तू?"