चारातला पाऊण

टण्ण! स्क्रू फरशीवर पडला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. दुपारच्या शांततेत तो आवाज तिला पातेलं पडल्याएवढा वाटला. लेकीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली.

जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढून ती मांडी घालून बसली होती, हातात नेलपॉलिशची बाटली. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या तिने उपसल्या आणि प्रत्येकीच्या कडेला एकेक लाल ठिपका दिला. ही युक्ती प्रेसमधल्या बाईची. "दुकानवाले चांगली पट्टी काढतात नि हलकी बसवतात. खूण करून ठेव. दीर असला म्हणून काय झालं?"

मुलगी झोपली की त्या प्रेससाठी कॉम्प्युटरवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावायची, हे तिचं काम. चार पानं झाली की मशीन धापा टाकायचं. म्हणून धाकट्या दिराने, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, गेल्या महिन्यात दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या बसवून दिल्या. पडद्यावर मात्र दिसायचे सव्वातीन.

"भावजी, दोन नि दोन चार ना?" तिने विचारलं होतं.

"या मशीनमध्ये सव्वातीन, वहिनी," तो म्हणाला आणि हसला.

ते हसणंच तिच्या मनात रुतलं. माणूस उगाच हसत नाही. मग एकेक आठवायला लागलं. पट्ट्या खोक्याशिवाय, सुट्याच आणल्या होत्या. बसवताना त्याने तिला पाणी आणायला आत पाठवलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घरात कोण चोरी करतं? तीही पाऊण जीबीची? तू पण ना." त्याचाच भाऊ, तो असंच म्हणणार.

लेक कुरकुरायला लागली तशी तिने घाईघाईने ओल्याच पट्ट्या खाचेत दाबल्या. संध्याकाळी मशीन सुरूच होईना, नुसतं पीप-पीप करत राहिलं. तिला उलट बरंच वाटलं. आता दिराला ते दुकानात न्यायला सांगायला निमित्त झालं; खुणेच्या पट्ट्या परत येतात का ते कळलं असतं.

दोन दिवसांनी दिराने मशीन आणून टेबलावर जोडलं. सव्वातीन.

"पाऊण कुठे जातो, भावजी? खरं काय ते सांगा." आवाज जरा चढलाच. जमिनीवर ठोकळे रचणाऱ्या लेकीने मान वर केली.

दीर या वेळी हसला नाही. "प्रोसेसर जुना आहे, वहिनी. त्याच्यावरची सिस्टिम चार जीबीपर्यंतच मोजते. समजा, चार मजली इमारत. प्रत्येक खोलीला नंबर. पण पडद्याचं कार्ड, आवाजाचं कार्ड, त्यांनाही त्यातलेच नंबर लागतात. वरच्या पाऊण मजल्याचे नंबर ते घेऊन बसतात. पट्टी पूर्ण असते, पण तिच्या तेवढ्या खोल्यांना नंबरच उरत नाही. मग तिकडे कोण जाणार? आठ जीबी बसवली तरी हेच."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ते खरं."

त्याने मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि दोन्ही पट्ट्या तिच्या तळहातावर ठेवल्या. दोन्हींवर ठिपके होते. एक तिच्या बाटलीतला लाल. दुसरा जरा गुलाबीकडे झुकणारा.

"या पट्टीवरचा तुमचा ठिपका खालच्या सोनेरी दातांवर ओघळला होता," तो म्हणाला. "म्हणून सुरू होत नव्हतं. तो पुसावा लागला. म्हटलं, खूण दिसली नाही तर तुम्हाला वाटायचं पट्टी बदलली. म्हणून तुमच्या जावेच्या बाटलीतला लावला. तिच्याकडे त्यातल्या त्यात जवळचा हाच रंग होता."

त्याने पट्ट्या परत घेतल्या, बसवल्या, चारही स्क्रू आवळले.

"भावजी, चहा टाकते."

"नको. दुकान उघडं टाकून आलोय." दाराशी चपला घालताना तो थांबला. "यापुढे दुसऱ्या कुणाला तरी दाखवत जा, वहिनी. तुमच्या जिवाला घोर नको."

जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी झाली. तरी ती दाराची कडी धरून उभीच होती. लेक येऊन तिच्या पायाला बिलगली.

"आई, काकाने आपलं काय घेतलं होतं?"