तळ्यातला गरम पट्टा

तळ्याच्या बरोबर मधोमध गरम पाण्याचा पट्टा आहे, ही थाप मी पहिल्यांदा मारली तेव्हा माझी नात पाच वर्षांची होती. गार पाण्यात पाय घातले म्हणून ती भोकाड पसरून रडत होती. रडणाऱ्या पोराला खरं सांगून कोणाचं भलं झालंय? म्हटलं, अगं वेडे, काठाचं पाणी गारच असायचं. गरम सगळं मध्ये आहे.

रडणं थांबलं. थाप मात्र थांबली नाही.

एकेचाळीस वर्षं मी लोकांचे गीझर दुरुस्त केले, त्यामुळे तपशिलाला तोटा नव्हता. तळ्याच्या बुडाशी डोंगराच्या पोटातून आलेली कॉइल आहे, म्हणालो. माणसाच्या मांडीएवढी जाड. तरुणपणी मी स्वतः पोहत जाऊन तिला हात लावून आलोय. हा बघ चटका! मनगटावरचा हा डाग नळ्या जोडायच्या ब्लो-लॅम्पच्या ज्योतीचा, पण डागावर थोडंच लिहिलेलं असतं? दर वर्षी थंडी ओसरली, पहिलं बरं ऊन पडलं की आम्ही सगळे त्या तळ्यावर सहलीला जायचो, आणि दर वर्षी पट्टा थोडा रुंद व्हायचा. एकदा जेवताना जावई हसला. म्हणाला, "सासरेबुवा, गरम पट्टा असता तर लोकांनी तिथे रांग लावली नसती का?" मी काय हार जाणारा? ताबडतोब सांगितलं, "लोक पोहोचतच नाहीत ना! तुम्ही जवळ गेलात की काठावरची माणसं ओरडायला लागतात, 'खोटं आहे, परत ये, परत ये.' गरम पाणी त्यांना स्वतःसाठी राखायचं असतं. कच्चा गडी तिथेच वळतो. मी वळलो नाही."

जावई पुन्हा जेवायला लागला. नात मात्र ताटातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला तेव्हा फार आवडलं होतं.

यंदा ती दहा वर्षांची झाली. घरात तिला सगळे बेडकी म्हणतात, कारण सबंध हिवाळा ती छपराखालच्या पोहण्याच्या तलावावर पोहायला शिकली आणि आता जिन्यावरूनसुद्धा उड्या मारतच उतरते. त्या रविवारी आम्ही चौघं तळ्यावर पोहोचलो तेव्हा दुसरं चिटपाखरू नव्हतं. समोरच्या उतारावर अजून बर्फाचे पांढरे पट्टे होते, त्यांचं वितळलेलं पाणी थेट तळ्यात येत होतं. पाणी असं की माशांनी सुद्धा स्वेटर मागावेत. जावई शाळेची बस चालवतो, आठवड्याची झोप त्याची रविवारी निघते; तो तोंडावर टोपी ठेवून घोंगडीवर आडवा झाला होता. माझी लेक नर्स आहे. महिनाभरापूर्वी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून पडून तिचा खांदा निखळला होता, त्यामुळे डावा हात झोळीत. एका हाताने ती थर्मासमधून चहा ओतत होती.

बेडकी पोहण्याचा पोशाख घालून लाकडी धक्क्यावर माझ्याजवळ आली.

"आजोबा, पट्टा नक्की कुठे?"

"ते पिवळं पिंप तरंगतंय ना? त्याच्या जरा अलीकडे."

"म्हणजे माझ्या तलावाच्या पाच खेपा. मी आठ मारते."

"मग काय, झालंच की."

"जाऊ?"

आमची रीत अशी होती की गुडघाभर पाण्यात शिरायचं, किंचाळायचं, बाहेर यायचं, गरम काहीतरी प्यायचं. मला वाटलं, तेच करणार. मी म्हणालो, "जा की. माझं नाव सांग तिथे."

तिने सूर मारला.

पहिल्यांदा मी टाळ्या वाजवल्या, हे लपवत नाही. काय पोहत होती पोरगी! हात कसे लयीत, पाय कसे एकसारखे. लेक मागून ओरडली, "बेडके, लांब नको जाऊस गं!" आणि पुन्हा चहाकडे वळली. मी हातवारे मोजत होतो. वीस. तीस. चाळीस झाले तरी ती वळेना, तेव्हा माझ्या टाळ्या आपोआप थांबल्या.

लेक धक्क्यावर येऊन उभी राहिली. "बाबा, ती वळत का नाहीये?"

मी पिवळ्या पिंपाकडे बघत राहिलो.

"बाबा. काय सांगितलंत तिला?"

"तेच. आपलं नेहमीचं."

"पट्टा?"

मी मान हलवली. तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं माझ्या बायकोनेही कधी बघितलं नव्हतं, आणि बायकोकडे कारणं पुष्कळ होती. मग ती तळ्याकडे तोंड करून जीव तोडून ओरडली, "बेडके! खोटं आहे ते! मागे फिर! परत ये!"

लांब पाण्यात ते छोटं डोकं थांबलं. एक हात वर आला. हसण्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला.

"ओरडा, ओरडा! मला माहितीये तुम्ही ओरडणार ते!"

आणि ती पुढे निघाली.

मी ओरडलो, "अगं मी आजोबा सांगतोय! मीच खोटं बोललो! काही नाहीये तिथे!"

"मी नाही वळणार, आजोबा! मी कच्ची नाही!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणालातरी मनापासून खरं सांगत होतो, आणि ते ऐकायचं नाही हे मीच तिला शिकवून ठेवलं होतं.

जावई टोपी फेकून धावत आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो बादलीत बुडेल असा माणूस, पोहण्याचा प्रश्नच नव्हता. तो तडक होडीकडे गेला. हंगाम सुरू झाला नव्हता, होडी साखळीने खांबाला बांधलेली, साखळीला कुलूप. दोन लाथा मारून पाहिल्या. "किल्ली नावाड्याकडे असेल," तो ओरडला, "वळणापलीकडे घर आहे त्याचं. दहा मिनिटं!" आणि पळत सुटला.

"दहा मिनिटं नाहीत तिच्याकडे," लेक म्हणाली. तो लांब गेल्यावर म्हणाली, हळू आवाजात. ती झोळीची गाठ सोडायला लागली.

"अगं, एका हाताने कशी पोहशील तू?"

"मग तुम्ही जाता? तुम्ही तर अख्खं तळं पार केलंय ना!"

मला पोहता येत नाही हे तिला तिच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. आवाज आता बारीक झाला होता, शब्द थोडे सैल.

"आजोबाऽ! सापडलं! गरम लागतंय!"

एक क्षणभर, खरंच सांगतो, मला आनंद झाला. असेलही, असं वाटलं. डोंगराचं काय सांगावं! मग मी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा रंग उतरला होता.

"अंग बधिर झालं की गरम वाटतं, बाबा," ती म्हणाली. "आता हात जड होतील. मग झोप येईल."

पिवळ्या पिंपाच्या अलीकडे ते डोकं नुसतं वरखाली होत होतं. ती पोहत नव्हती. तिला जायचं होतं तिथे ती पोहोचली होती. कशाला हलेल?

लेकीने माझा दंड धरला. बोटं रुतली. "तुमच्या तोंडाने गेलीय ती तिथे. तोंडानेच बाहेर काढा."

मी बुटांसकट पाण्यात शिरलो.

थंडी पायातून वर आली ती सुया टोचल्यासारखी. कमरेपर्यंत गेलो तेव्हा छातीतला श्वास बाहेरच येईना. तळाचे दगड सरळ पुढे जातात आणि धक्क्याच्या शेवटच्या खांबापाशी एकदम संपतात, पुढे खोल. एवढं मला माहीत होतं. खांबाच्या दोन हात अलीकडे थांबलो. पाणी छातीला लागलं. दात वाजायला लागले, तर जबडा हाताने दाबून धरला. मग सोडला आणि हसलो. जन्मात इतकं अवघड हसलो नाही.

"बेडके! अगं चुकलीस की!" मी ओरडलो. "ते नुसतं शेपूट आहे! कॉइल सरकलीय यंदा!"

डोकं माझ्याकडे वळलं.

"काय?"

"तुला ठाऊक आहे ना, गार कुठून शिरतं? गीझरमध्ये?"

उत्तर यायला वेळ लागला. शेजाऱ्यांचे गीझर उघडताना बॅटरी धरून तीच उभी असायची माझ्यासोबत, तिला सगळं पाठ होतं. "खालून," ती म्हणाली.

"आणि गरम?"

"वरून."

"शाब्बास! आणि तू उभी आहेस इनलेटवर! थर्मोस्टॅट ट्रिप होणार आता, मग एकदम बर्फ होईल तिथे. आउटलेट इकडे आहे, काठाला! मी त्यावरच उभाय! बघ, वाफा निघतायत!" माझ्या तोंडातून वाफ निघत होती, तेवढं खरं होतं. "काय सांगू, घाम फुटलाय मला! ये लवकर, नाहीतर तुझी आई सगळं संपवेल!"

लेक माझ्या मागे पाण्यात शिरली होती. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, उजव्या हाताने माझ्या कमरेचा पट्टा मुठीत घट्ट धरून, ती ओरडली, "अगंबाई! केवढं गरम आहे हो बाबा! आणि आपण इतकी वर्षं नुसते गुडघे भिजवत बसलो!"

माझ्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली. माझ्यापेक्षा बरी मारली.

डोकं हललं. एक हात वर आला, पडला. दुसरा आला. ती निघाली.

त्या पोहण्यात आता लय नव्हती. दोन हात मारायची, थांबायची. थांबली की मी नवीन काहीतरी सोडायचो. प्रेशर वाढलंय. व्हॉल्व्ह उघडलाय. पायाखाली बुडबुडे येतायत, गुदगुल्या होतायत. "आजोबा, दमले," ती म्हणाली. मी म्हणालो, "दमलीस तर पाठीवर हो, पाय मार, पाइपलाइन तुझ्या खालीच आहे, आपोआप ढकलते." ती पाठीवर झाली. पाय मारत राहिली. पट्ट्याला धरलेली लेकीची मूठ माझ्या पाठीत रुतली होती, आणि माझे स्वतःचे पाय कुठे आहेत ते मला कळेनासं झालं होतं.

चार हात उरले. तिच्या ओठांचा रंग दिसत होता. तीन हात. आणि तिथे तिचे पाय थांबले. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. तोंड पाण्याला लागलं.

मी तिच्या नावाने हाक मारली. खऱ्या नावाने. हलली नाही.

दगड संपतात तिथून मी पुढे पाय टाकला.

खाली काहीच नव्हतं. पाणी कानात, नाकात, तोंडात. डोळ्यांपुढे हिरवा अंधार. मी दोन्ही हात पुढे फेकले, बोटांना काहीतरी लागलं, केस होते की पोशाखाचा बंद ते कळलं नाही, पण धरलं. मागून पट्टा खेचला गेला. पोटाला असा हिसका बसला की जणू कोणी दोन तुकडे करतंय. लेक ओरडत होती, शब्द नव्हते, नुसता आवाज. निखळलेल्या खांद्यानेही तिने ओढलं असावं, कारण पाठीवर आता दोन मुठी होत्या. मग गुडघ्याला दगड लागला.

काठावर लेक पुन्हा नर्स झाली. "चोळू नका! हात लावू नका हातापायांना! ओले कपडे काढा आधी." घोंगडी, तिचा स्वतःचा कोट, जावयाची टोपी, सगळं त्या एवढ्याशा पोरीवर. बेडकी गप्प होती. थरथरत नव्हती. लेक तिच्या गळ्याला दोन बोटं लावून बसली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "थरथर गं. थरथर माझी बाई." जावई किल्ली घेऊन धावत आला, त्याने आम्हाला पाहिलं आणि किल्ली त्याच्या हातातून गळून पडली.

जावयाने गाडी सुरू केली, थेट दवाखान्याच्या रस्त्याला लावली. पहिल्या चढावर बेडकीचे दात वाजले. एकदा. मग पुन्हा. मग सगळं अंगच हलायला लागलं, आणि लेक तिला छातीशी धरून रडली. "चांगलंय, हे चांगलंय," म्हणत रडली.

मी पुढच्या सीटवर ओलाचिंब बसलो होतो. मागून तुटक आवाज आला.

"आ-आजोबा. तुम्हाला पो-पोहता येत नाही."

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बाळा. तो पट्टाही नाही. हा डाग ब्लो-लॅम्पचा आहे."

तिने आईकडे मान वळवली. मग म्हणाली, "आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"बाबांना?"

जावयाने आरशात बघायचं टाळलं. "हो गं," तो म्हणाला.

"मग मला का नाही सांगितलं कोणी?"

माझ्याकडे गमतीचं एखादं उत्तर असेल म्हणून लेकीने आणि जावयाने, दोघांनी माझ्याकडे बघितल्यासारखं मला वाटलं. मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. तेही बघायला लागले. गाडीत तीन मोठी माणसं, आणि तिघांचं लक्ष त्या एका रस्त्यावर.

"हीटर वाढवा," बेडकी म्हणाली.

जावयाने वाढवला.