आमच्या ह्यांची जागा

"तिथं नका बसू काका, जागा धरलीय," विभावरी म्हणाली आणि तिनं बाकावर टाकलेला रुमाल ताणून नीट केला.

बसायला वाकलेला पद्माकर तसाच सरळ झाला. अडुसष्ट वर्षांच्या बायकोनं एकाहत्तरीच्या नवऱ्याला काका म्हणायचं, याचीही त्याला सवय झाली होती.

जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या वृद्धाश्रमाच्या बागेत बसथांबा होता. खांब, वेळापत्रक, बाक सगळं खरं. बस तेवढी कधी येत नसे. विसरभोळी झालेली माणसं घरी जायचा हट्ट धरून बसली की त्यांना इथं आणत. थोड्या वेळानं कुठं जायचंय तेच ती विसरत. विभावरी विसरत नसे. तिला पोखऱ्याहून काठमांडूला जायचं होतं.

"कुणासाठी धरलीय?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. जर्मनीहून यायचेत. लांबचा पल्ला."

चौदा वर्षांपूर्वी ती पुण्याहून आणि तो नोकरीच्या गावाहून, येनाहून, असे नेपाळात पोखऱ्याला भेटणार होते आणि तिथून बसनं काठमांडूला जाणार होते. तो निघायच्या आदल्या दिवशी कारखान्यात भिंगं घासायचं नवं मशीन अडलं. दुसरं कुणी बघेल, तू जा, असं साहेबानं सांगितलं होतं. पद्माकरलाच ते पटलं नाही. ती एकटी जाऊन आली. चिडली नाही. "तुमची सीट मी कुणाला दिली नाही," एवढंच म्हणाली. त्या प्रवासाबद्दल नंतर अवाक्षर नाही. त्यानंही विचारलं नाही.

कॉफी घेऊन आलेली नर्स श्टेफी त्याला उभा बघून थबकली आणि बसा की, अशी खूण करू लागली.

"बेझेट्स्ट," विभावरी ठसक्यात म्हणाली. जागा भरलीय.

पद्माकर हसला आणि खांबाला धरून उभा राहिला. दहा मिनिटं गेली. गुडघा ठणकायला लागला तसा त्यानं पाय बदलला. ते तिनं टिपलं.

"या वयात उभ्यानं प्रवास करतात होय? टेका जरा. पण हे आले की उठायचं हं, आधीच सांगते."

"उठेन."

तिनं रुमाल उचलून मांडीवर घेतला. तो अंग चोरून बसला.

"काठमांडूला पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

"मग असे समोर काय बघत बसलात? डावीकडं बघा. ती त्रिशूली. पाणी बघा, हिरवंगार. मघापासून आपल्या सोबतीनं चाललीय. आणि तो झुलता पूल... अहो, गेला. पोरं शाळेला चालली होती त्याच्यावरून. तुमचं लक्षच नाही."

"चुकलंच माझं," पद्माकर म्हणाला. "पुढचा आला की सांगाल?"

"सांगेन. पुष्कळ आहेत अजून."

डावीकडं नर्सांच्या सायकली ओळीनं लावल्या होत्या. पद्माकर मान वळवून तिकडं बघत राहिला.